चाळीस नंबरचा नियम

आबासाहेब तराजूत अडकले तेव्हा मी टेबलाखाली होतो. पुढे चौकशी झाली तेव्हाही मी एवढंच सांगितलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाच्या टेबलाखाली?" मी म्हटलं, "हत्तरगी सरांच्या." त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न गिळला.

सकाळी सगळं ठीक होतं. म्हणजे घाटात दरड कोसळली होती, पण आमच्यावर नव्हे.

"तुमचा नियम पंधराला घाला की सर," मी म्हणत होतो. "आबासाहेबांच्या खालोखाल. दुपारपुरता तर प्रश्न आहे."

"चाळीसला घालतो," हत्तरगी सर म्हणाले.

"चाळीस म्हणजे सगळ्यांत शेवटी."

"मग? परीक्षा विभागाच्या पुढं घुसणारा मी कोण?"

आमचं शिक्षण संकुल गडहिंग्लजच्या बाजूला एका माळावर होतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड., मुलांचं वसतिगृह, आणि पाणी सोडून बाकी सगळं असलेला जलतरण तलाव. हत्तरगी सर नेटवर्कचे प्रमुख आणि मी त्यांचा एकुलता एक कर्मचारी, शीतल मगदूम. आमच्याकडे शीतल हे पुरुषाचं नाव असतं. संकुलाला हे मान्य नव्हतं. महिला दिनाला मला दरवर्षी गुलाब मिळायचा.

संकुलात इंटरनेटच्या दोन लाइनी येत. एक फायबरची, सुसाट. दुसरी टेकडीवरच्या टॉवरवरून हवेतनं यायची, आणि ढग आले की रुसायची. आमच्याकडे ढग जूनमध्ये मुक्कामाला येतात ते दसऱ्याचं सोनं लुटूनच जातात. कुणी कुठल्या लाइननं जायचं हे सर्व्हर रूममधला मोठा स्विच ठरवायचा. त्यासाठी त्याच्यात नियम लिहून ठेवायचे, त्याला आमच्या धंद्यात रूट मॅप म्हणतात. नाव ऐकून नकाशा वाटतो, पण असतो तो लग्नाच्या दारात उभा केलेला मामा. येणाऱ्याचं तोंड बघायचं आणि आपले नियम वरून खाली वाचत जायचं. ज्या पहिल्या नियमात माणूस बसेल तिकडं त्याला धाडायचं. खालचे नियम वाचायचेच नाहीत.

दहा नंबरचा नियम, आमचे अध्यक्ष आबासाहेब यांचा बंगला: फायबर. वीस नंबर, संचालक मंडळ: फायबर. तीस नंबर, परीक्षा विभाग: फायबर. कशातच न बसणारे सगळे टॉवरवर. म्हणजे प्राध्यापक, कँटीन, वसतिगृह आणि हे सगळं चालवणारे आम्ही दोघं.

नंबर दहाच्या पटीत, कारण उद्या कुणाला मधे घालायचं झालं तर जागा हवी. हा रिवाज जगभरचा आहे, पण सरांनी तो घरीही नेला होता. त्यांच्या दारातल्या चपलांच्या रॅकमध्ये एकाआड एक कप्पा मोकळा असायचा. "असू दे रे," ते म्हणायचे, "कोण येईल सांगता येत नाही." मला वाटायचं, रूट मॅप लिहून लिहून माणूस असा होतो. मी तेव्हा नोकरी बदलायच्या विचारात होतो.

त्या दिवशी सरांना स्वतःसाठी फायबर हवी होती, आणि ती मागायची त्यांना लाज वाटत होती.

सरांना आणि महादेवी वहिनींना मूल नव्हतं. दत्तक घ्यायचा अर्ज करून बरीच वर्षं झाली होती. कागद झाले, घर बघून गेले, आणि आता शेवटची पायरी उरली होती, पुण्याच्या संस्थेच्या समितीसमोरची मुलाखत. दोघं आदल्या दिवशीच निघणार होते, तर घाट बंद. समितीनं मोठ्या मनानं सांगितलं, व्हिडिओवर घेऊ. पण आज झाली नाही तर पुढची बैठक दिवाळीनंतर. आणि दिवाळीपर्यंत या दोघांच्या वयाची बेरीज कुठल्याशा मर्यादेच्या पलीकडे जात होती. मग फाइल पुन्हा पहिल्यापासून.

मुलाखत घरून देता आली नसती. सरांच्या घरी मोबाइलला नेटवर्क फक्त न्हाणीघरात येतं. नेटवर्क प्रमुखाच्या घरी असं का, यावर संकुलात बरेच विनोद होते. त्यातले निम्मे माझे होते. तेव्हा ठरलं, सर्व्हर रूमला लागून सरांची केबिन आहे, तिथं बसायचं.

आणि त्याच दिवशी, त्याच वेळी, समोरच्या मैदानावर आबासाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त गूळतुला होती. अध्यक्षांना तराजूत बसवून त्यांच्या वजनाइतका गूळ अनाथाश्रमाला वाटायचा. आबासाहेबांचं वजन पाहता आश्रमातल्या मुलांना गुळाचा तिटकाराच येणार होता. सोहळा थेट प्रक्षेपित होणार होता, कारण धाकटे चिरंजीव अमेरिकेत होते आणि त्यांना वडील टांगलेले बघायचे होते.

सरांनी कीबोर्ड ओढला, चाळीस नंबरचा नियम लिहिला, एंटर मारलं, तेवढ्यात वहिनी आल्या.

"अहो, हे इरकल चालंल का? का जास्त सधन दिसतोय आपण?"

"सधन दिसलेलं चांगलं."

"तुमचा शर्ट बघून बॅलन्स होईल म्हणा." त्यांनी माझ्या हातात डबा दिला. "शीतल भावजी, आत चकल्या आहेत. कॅमेऱ्यात दिसू देऊ नका. मी आणल्यात तुमच्यासाठी, त्यांना वाटंल लाच आहे."

सर उठले, पदराची पिन लावायला मदत करू लागले, आणि ती पिन लागेना. ज्या माणसाला मी धाग्याएवढ्या वायरी डोळे मिटून जोडताना पाहिलं होतं, तो सेफ्टी पिन उलटी धरून टोचत होता. मी नजर वळवली आणि एक चकली खाल्ली.

मुलाखत सुरू झाली. मी दार ओढून घेतलं आणि सर्व्हर रूममध्ये बसलो. मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे ऐकू यायचं. समितीच्या मॅडमचा आवाज शांत होता. कुठं राहता, सकाळी किती वाजता उठता, भांडण झालं तर आधी कोण बोलतं.

"ह्या," सर म्हणाले.

"मी कुठं? तुम्ही आधी बोलता," वहिनी म्हणाल्या.

हे बरं चाललं होतं.

आणि मग वसतिगृहाकडून आरोळी आली. कुणी मॅच जिंकल्यावर येते तशी, पण त्या दिवशी मॅच नव्हती. पाठोपाठ फोन वाजला. आबासाहेबांचे पी.ए. रणनवरे.

"ए मगदूम! आबासाहेब अडकलेत!"

"कुठं?"

"तराजूत! वरच्या वर!"

"मग खाली घ्या की."

"अरे इथं खाली आलेत ते! अमेरिकेत अडकलेत! धाकटे साहेब फोनवर रडायलेत, म्हणतायत बाबा हलंनात!"

मी स्क्रीन पाहिली. फायबर गच्च भरली होती. आणि ती भरणारे होते वसतिगृहातले पाचशे मुलगे. संकुलाच्या स्थापनेपासून पहिल्यांदा त्यांना फायबर मिळाली होती. उद्या असेल नसेल या भावनेनं ते सगळं जग उतरवून घेत होते. प्लायवूडपलीकडून मॅडम म्हणाल्या, "हॅलो? हत्तरगी, तुमचा चेहरा थांबलाय."

मी नियम वाचायला घेतले. दहा बरोबर. वीस बरोबर. तीस बरोबर. चाळीस: 'हत्तरगी' नावाच्या यादीत जो बसेल, तो फायबरनं. यादी बघायला गेलो, तर यादीच नव्हती. "चाळीस नंबरची गडबड आहे," एवढं रणनवऱ्यांना सांगून मी फोन ठेवला.

सरांची पक्की रीत होती, आधी यादी, मग नियम. कोणकोणती मशीन आत घ्यायची त्यांचे पत्ते आधी लिहायचे आणि मगच मामा दारात उभा करायचा. त्या दिवशी स्वतःचा पत्ता लिहिताना त्यांना अवघडल्यासारखं झालं असणार. त्यांनी नियम आधी लिहिला, यादी मागे ठेवली, आणि वहिनी आल्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती करायचा अधिकार मला नव्हता. मला स्विचमध्ये सगळं बघता यायचं, हात काहीच लावता यायचा नाही. बदलायचा पासवर्ड एकट्या सरांकडे.

म्हणून मी केबिनचं दार हळूच उघडलं आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत आत गेलो. आयुष्यात इतका उपयोगी मी त्याआधी कधीच रांगलो नव्हतो. टेबलाखाली पोचलो. समोर चार पाय. सरांचा एक बूट सुटलेला. वहिनींचे अंगठे एकमेकांवर दाबून धरलेले. दोघांचे हात टेबलाखाली एकमेकांत होते. तिथं कुणी येईल अशी त्यांना अपेक्षा नव्हती. मी सरांची विजार ओढली.

सरांनी खाली पाहिलं. मग मान वर करून म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय, अर्धं मिनिट थांबाल का," आणि पेन पाडून खाली वाकले.

"सर, चाळीसला यादीच नाही," मी कुजबुजलो. "तुम्ही करायचीच विसरलात. अख्खं वसतिगृह आत घुसलंय."

मग, सवय बघा, सर मला शिकवायला लागले. तिथं, टेबलाखाली. "बरोबर आहे रे. यादी रिकामी असंल तर कुणीच बसत नाही. पण यादीच नसंल तर हा स्विच काय करतो माहितीय? समोर येईल त्याला आपलाच समजतो. सगळे बसतात."

"अहो, वर या," वरून वहिनींचा आवाज. "काय नसंल तर सगळे बसतात?"

"यादी गं."

"हॅलो," मॅडमचा आवाज पुन्हा आला, जरा खरखरत. "चित्र थांबलेलंच आहे, पण आवाज ठीक आहे. पुढं जाऊ या? आमच्याकडं येणारी बरीच जोडपी मनात एक यादी घेऊन येतात. लहानच हवं, गोरं हवं, मुलगी हवी, मुलगा हवा, नाक आमच्यासारखं हवं. त्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मला खरं ऐकायचंय. तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

सर वर गेले. मला आता फक्त पाय दिसत होते. सरांनी तोंड उघडलं असणार, कारण श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि नेमकं तेव्हाच दारावर दणका बसला.

"हत्तरगी! बाहेर या!" रणनवरे. "आबासाहेब विचारतायत चाळीस नंबर कुणाचा! हत्तरगी!"

सर उठणार हे मला माहीत होतं. ते नेहमीच उठायचे. ताटावरून उठायचे, थिएटरातून उठायचे, स्वतःच्या साखरपुड्यातून उठून बँकेचं मशीन चालू करून आल्याची गोष्ट तर वहिनी पाहुण्यांना सांगायच्या आणि हसायच्या. हसताना त्या पाहुण्यांकडे बघायच्या, सरांकडे नाही.

सरांच्या बुटाची टाच उचलली गेली. वहिनींनी त्यांचा हात सोडला. ओढला नाही, धरला नाही, नुसता सोडला.

टाच पुन्हा खाली टेकली.

"रणनवरे," सर मोठ्यानं म्हणाले, "मी घरच्या कामात आहे."

रणनवऱ्यांनी हे वाक्य पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे पुढच्या वेळी त्यांनी नुसतं टकटक केलं.

"शीतल," सर ओठ न हलवता, कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाले, "पासवर्ड घे. मोठा के. आंदाभाकर. मग ॲट. मग एकोणीस."

"काही म्हणालात का?" मॅडमनी विचारलं.

"कांदाभाकर," वहिनी पटकन म्हणाल्या. "म्हणजे आमच्या घरी साधंच असतं जेवण, मॅडम. आणि ते अपेक्षांचं विचारलंत ना तुम्ही. आता ह्यांनीच मला सांगितलं. ह्यांच्या मशीनला यादी दिली तर यादीतलेच आत घेतं. यादीच नसंल तर समोर येईल तो आपला. मला काय ह्यांच्या मशीनमधलं कळत नाही. पण आमची यादी नाही, मॅडम. एवढी वर्षं वाट बघितली, त्यात पहिल्या वर्षी होती. नाकाबिकाची. मग ती कुठं गेली कुणास ठाऊक."

मी रांगत बाहेर सुटलो, रणनवऱ्यांच्या दोन पायांमधून.

"काय चाललंय हे?" रणनवरे ओरडले. "तू खाली कशाला? चाळीस नंबर कुणाचा आहे?"

"चाळीस नंबर कुणाचाच नाही," मी म्हणालो. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

कांदाभाकर चाललं. मी यादी केली. तिच्यात एकच पत्ता घातला, सरांच्या लॅपटॉपचा, आणि एंटर मारलं. वसतिगृहातून एक दीर्घ हाय आली, पाचशे घशांतून एकदम. अमेरिकेत आबासाहेब हलले. धाकट्या चिरंजिवांनी पाहिलं तेव्हा ते तराजूतून उतरून पेढा खात होते, आणि फोनवर चिरंजीव पुन्हा रडले, पण या वेळी रणनवऱ्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. ते घाम पुसत मैदानाकडे पळाले. जाताना मेमोची धमकी दिली. मेमो आला. त्यात मला 'श्रीमती' केलं होतं.

मी केबिनच्या दाराशी गेलो. फटीतून लॅपटॉप दिसत होता. मॅडम आता स्पष्ट दिसत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोवलेला. त्यांच्या दोन्ही बाजूंचे लोक लिहायचे थांबले होते.

"निर्णय आम्ही रीतसर कळवू," मॅडम म्हणत होत्या. "पण एक विचारते. तुम्ही यादी नाही म्हणालात म्हणून विचारते. आमच्याकडं बहीण-भाऊ आहेत. ती सात वर्षांची, तो चारचा. चार वेळा जोडपी आली. त्याला सगळे न्यायला तयार असतात. तिला कुणी नाही. ती त्याचा शर्ट सोडत नाही, आणि आम्ही सोडवणारही नाही."

सरांनी चष्मा काढला आणि टाय त्यावर घासायला लागले. चष्मा टायनं पुसायचा असतो, टाय चष्म्यानं नाही, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"दोघं?" शेवटी ते म्हणाले.

"दोघंच," वहिनी म्हणाल्या. "एकाला तिथं ठेवून यायचं काय?" मग कॅमेऱ्याकडे वळून, "तिला काय आवडतं खायला, मॅडम?"

"चकली," मॅडमनी समोरचा कागद न बघता सांगितलं.

वहिनींनी दाराकडे पाहिलं. मी डबा उघडून दाखवला. चार उरल्या होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पुढचं रीतसर झालं, म्हणजे उशिरा झालं. घाट उघडला, कागद फिरले, कोर्टाची तारीख पडली, आणि थंडीत एके दिवशी सरांच्या दारातल्या रॅकमधल्या मोकळ्या कप्प्यांत चपलांचे दोन छोटे जोड आले. एका जोडाला बंद नव्हता. आबासाहेबांनी चौकशीअंती निष्कर्ष काढला की फायबर आपल्या मोठेपणाला अपुरी पडते, आणि दुपटीची लाइन घेतली. ती आली त्या दिवशी सरांनी चाळीस नंबरची यादी पुसून टाकली. नियम ठेवला. वसतिगृहातून जी आरोळी आली ती मी घरी जेवताना ऐकली.

नोकरी बदलायचा माझा विचार तसाच राहिला. आता त्याला बरीच वर्षं झाली.

सरांच्या घरी नेटवर्क अजून न्हाणीघरातच येतं. पोरगी कॉलेजात आहे, पोरगा दहावीला, तेव्हा सकाळी तिथं दारात ही गर्दी. भांडणं व्हायला लागली म्हणून सरांनी दारावर खडूनं नंबर लिहिलेत. दहा, पोरगी. वीस, पोरगा. तीस, वहिनी. चाळीस, सर.

मी मुक्कामाला गेलो की मला पंचवीस मिळतो.